आधी रिपेअरिंग, मग क्लब: ठाण्यातल्या जुन्या फियाटवाल्यांची पार्श्वभूमी

आमच्या क्लबमधे नवीन येणाऱ्या पोरांना पहिले काही रविवार एक कळत नाही, की इथे सगळ्यांची बॉनेट उघडी का असतात आणि कोणाच्याही गाडीखाली कोणीही का शिरतं. त्यांना वाटतं क्लब म्हणजे गाडी पॉलिश करायची, येऊरच्या पायथ्याशी लाइनीत लावायची, फोटो काढायचे. तेही होतंच, पण ठाण्यात रिपेअरिंग आधी आलं आणि क्लब नंतर झाला, आणि त्याची मुळं पार कुर्ल्यात आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून क्रायस्लरच्या डॉज, प्लीमथ जोडायला सुरुवात झाली आणि ५० च्या दशकात फियाट आली. त्याआधी मुंबईत जनरल मोटर्सचा शिवडीला कारखाना होता, १९२८ पासून, पण सरकारने ठरवलं की नुसते सुटे भाग आणून जोडायचे नाहीत, इथे हळूहळू बनवायचे, तेव्हा ते निघून गेले. मग बाजारात राहिलं काय? तर फियाट, अँबेसेडर आणि स्टँडर्ड. एवढंच. ११०० ची डुक्कर फियाट, मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, ६४ पासून डिलाईट आणि शेवटी ७४ ला तीच गाडी प्रीमियर पद्मिनी म्हणून. इटलीत ११०० मॉडेल १९६९ ला बंद झालं, आपल्याकडे तेच इंजिन, १०८९ सीसी, २००० सालापर्यंत निघत राहिलं!

लोक याला मागासलेपणा म्हणतात आणि ग्राहक म्हणून त्या काळात त्रास झालाच, बुकिंग केल्यावर गाडी मिळायला वर्षानुवर्षं लागायची. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ज्याला गाडी मिळाली त्याने ती वीस-पंचवीस वर्षं विकलीच नाही आणि ती चालू ठेवायला तो स्वतः शिकला. आणि गाडी पण शिकण्यासारखी. कार्ब्युरेटर, मेकॅनिकल पेट्रोल पंप, डिस्ट्रिब्युटरमधे पॉइंट आणि कंडेन्सर, चोकची तार, सगळं बॉनेट उघडलं की समोर दिसतं, कॉम्प्युटर लावायची गरज नाही. मे महिन्यात कसारा घाटात पंप तापून गाडी बंद पडली की ओलं फडकं पंपावर टाकायचं, दहा मिनिटं थांबायचं, हे तेव्हाच्या बायकापोरांनाही माहीत असायचं.

आता एकमेकांना मदत का, तर काही कामं एकट्याने होतच नाहीत. ब्रेक ब्लीडिंग घ्या, म्हणजे ब्रेकच्या तेलाच्या पाइपातली हवा काढणं. एक जण आत बसून पेडल मारणार आणि दाबून धरणार, दुसरा चाकापाशी निपल ढिला करून हवा काढणार, परत घट्ट करणार, मग पहिल्याने पेडल सोडायचं, चारही चाकांना असंच, आणि दोघांचं टायमिंग चुकलं की हवा परत आत. टॅपेट सेटिंगला, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हची फट बसवायला, पण इंजिन फिरवायला एक आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, धरायला एक. त्यामुळे सोसायटीत ज्याच्याकडे फियाट आहे त्याची दुसऱ्या फियाटवाल्याशी ओळख व्हायचीच, आणि नौपाडा-पाचपाखाडीत अशा जोड्या मी लहानपणापासून बघतोय, तेव्हा क्लब वगैरे शब्द कोणी काढला नव्हता.

पण खरं बळ आलं ते वागळे इस्टेटमुळे, आणि हे ठाण्याबाहेरच्या लोकांना सांगितल्याशिवाय कळत नाही. १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली ती इथेच, वागळे इस्टेटला, आणि मग खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रोडला रबाळे, महापे, तुर्भे असा पट्टा उभा राहिला. या सगळ्यात लहान लहान गाळे, एका गाळ्यात लेथ, शेजारी मिलिंग, पलीकडे ग्राइंडिंग. शिवाय कुर्ला सेंट्रल लाइनवरच, त्यामुळे प्रीमियरमधे कामाला जाणारी माणसं ठाणे, कळवा, डोंबिवलीला राहायची. म्हणजे गाडी जोडणारा हात, पार्ट बनवणारा हात आणि गाडीचा मालक तिघंही एकाच लाइनीवर! स्टिअरिंगवरच्या गिअरचे लिंकेज बुश, म्हणजे जोडदांड्यांमधल्या छोट्या नळ्या, झिजले आणि गिअर अडकायला लागला तर जुना बुश खिशात टाकून वागळेत जायचं, ओळखीचा टर्नर पितळी रॉडातनं नवीन काढून देणार. आजही आमच्यातले सिनियर काका मंडळी अर्धे कुठल्या ना कुठल्या टूलरूममधून रिटायर झालेले आहेत आणि मला विचाराल तर क्लबची सगळ्यात मोठी संपत्ती तीच आहे, गाड्या नंतर.

८३ च्या डिसेंबरला मारुती ८०० आली आणि चित्र बदललं. प्रीमियरने ८५ ला निसानच्या इंजिनवाली ११८ एनई काढली, नव्वदीत कल्याणच्या कारखान्यात प्यूजो ३०९, कुर्ल्याला युनो, पण संप, भांडणं, पैशाची ओढ यात ते टिकलं नाही. खासगी पद्मिन्या धडाधड भंगारात जायला लागल्या.

तरी पार्ट मिळत राहिले ते काळ्या-पिवळ्या टॅक्सीमुळे. हजारो टॅक्स्या रोज रस्त्यावर म्हणजे क्लच प्लेट, व्हील सिलिंडर, वॉटर पंप याला रोज गिऱ्हाईक, त्यामुळे ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे दुकानदार माल ठेवायचे आणि आम्ही खासगीवाले त्याच मालावर जगलो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला रजिस्टर झाली, मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून अधिकृतपणे एकही उरली नाही. पेपरात सगळ्यांनी आठवणी लिहिल्या, आमच्यासाठी मात्र तो पार्टच्या पुरवठ्याचा प्रश्न होता. तेव्हापासून एकत्र राहण्याला वेगळाच अर्थ आलाय, एकाकडे जादा डिस्ट्रिब्युटर कॅप, दुसऱ्याकडे डोअर रबर, कोणी इटलीहून गॅस्केट मागवतो तेव्हा पाच जणांचं एकदम मागवतो.

त्यात आता ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाडीतल्या पंपाचा डायफ्राम आणि रबरी पाइप या पेट्रोलसाठी बनलेलेच नाहीत, आणि इथेनॉल पाणी ओढतं म्हणजे खाडीच्या दमट हवेत उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आतून गंजायची भीती. म्हणून हल्ली रविवारी सगळ्यात जास्त काम पाइप बदलण्याचं चालतं.

कागदांचंही सांगतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, आणि एप्रिल २०२२ ला त्याची फी ६०० वरनं ५,००० झाली होती. २०२१ च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर घेता येतो, नवीन रजिस्ट्रेशनला २०,००० रुपये, दहा वर्षं चालतं. १९७४ च्या पहिल्या पद्मिन्या आता त्यात बसायला लागल्यात. पण तो नंबर घेतला की रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स एवढ्यासाठीच गाडी बाहेर काढायची, रोज वापरायची नाही. आमच्यात यावर सरळ दोन गट आहेत. मी रोज चालवणाऱ्यांच्या बाजूने आहे, कारण उभी गाडी लवकर खराब होते, सील सुकतात, ब्रेक जाम होतात, आणि आमचे काका लोक जे शिकवतात ते चालत्या गाडीवरच शिकता येतं. ज्यांची गाडी ७४-७५ ची आहे त्यांनी अर्ज करायच्या आधी आरसी बुक घेऊन एका रविवारी या, इंजिन आणि चासी नंबर कागदाशी जुळतोय का ते आधी एकत्र बसून बघू.