वजन उतरल्यावर झोपेतला श्वास किती मोकळा होतो?

रात्रभराच्या झोपेच्या तपासणीचा, म्हणजे स्लीप स्टडीचा, आलेख संगणकावर उघडला की स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या आजाराची, ओळख दोन-तीन मिनिटांत पटते. नाकाशी लावलेल्या नळीवरून हवेची ये-जा दाखवणारी रेघ काही श्वासांपुरती नीट वरखाली होते आणि मग सपाट होते. त्याच वेळी छातीवर आणि पोटावर बांधलेल्या पट्ट्यांच्या रेघा मात्र हलत राहतात. स्नायू श्वास ओढण्यासाठी झटत असतात, पण हवा आत जात नाही. बोटाच्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा ९६ वरून ९० वर, मग ८५ वर आणि आजार तीव्र असेल तर ७५ च्याही खाली घसरतो. मग मेंदूच्या लहरींमध्ये क्षणभर जाग आल्याची खूण उमटते, घशातून मोठा आवाज येतो, नाडी उसळते आणि हवेची रेघ पुन्हा धावू लागते. पुढच्या मिनिटाला तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. सकाळी उठल्यावर रुग्णाला यातले काहीही आठवत नसते. त्याला फक्त एवढेच जाणवते की आठ तास झोपूनही अंग जड आहे, डोके दुखते आहे आणि दुपारी काम करता करता पेंग येते आहे.

श्वास किमान १० सेकंद थांबला तर तो एक ॲप्निया धरतात, आणि हवेचा प्रवाह बराच कमी होऊन ऑक्सिजन घसरला किंवा झोप मोडली तर तो हायपोप्निया. अशा घटना तासाला सरासरी किती होतात, तो आकडा म्हणजे एएचआय. प्रौढांमध्ये तो ५ पर्यंत असेल तर दुर्लक्ष करता येते. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र आजार मानला जातो. तासाला ६० घटना म्हणजे मिनिटाला एक, आणि असे रुग्ण दुर्मीळ नाहीत. मुंबईत डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वासाचा दोष आढळला, तर दिवसाच्या गुंगीसह पूर्ण आजार ७.५ टक्के पुरुषांमध्ये होता. घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण आहे असे आपल्या घराघरांत अजूनही समजले जाते, आणि त्यामुळे यातील बहुतेक जण डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाहीत.

जे पोहोचतात आणि ज्यांना सीपॅप मशीन, म्हणजे मास्कमधून हवेचा सततचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारे यंत्र, सुरू होते, त्यांचा पुढचा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: वजन कमी केले तर हे मशीन सुटेल का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले गेले पाहिजे, कारण सरसकट ‘हो’ म्हणण्यात जितका धोका आहे तितकाच ‘नाही’ म्हणण्यातही आहे.

आधी वजनाचा आणि घशाचा संबंध पाहू. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार असतो, पण तिच्या वरचा घशाचा भाग, म्हणजे टाळू आणि पडजिभेच्या मागून स्वरयंत्रापर्यंतचा मार्ग, केवळ स्नायूंच्या ताणावर उघडा राहतो. जागेपणी हा ताण पुरेसा असतो. झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या झोपेत, तो सैलावतो. कागदी स्ट्रॉ ओली झाली की जोराने ओढताच जशी आत चिकटते, तसा हा मार्ग श्वास आत घेताना मिटतो. लठ्ठपणात घशाच्या भिंतींभोवती आणि जिभेच्या आतही चरबी साठते, त्यामुळे मार्ग मुळातच अरुंद झालेला असतो. जिभेतली चरबी हा तुलनेने अलीकडे लक्षात आलेला दुवा आहे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात रिचर्ड श्वाब यांच्या गटाने वजन कमी करण्यापूर्वी आणि केल्यानंतर ६७ जणांच्या घशाचे एमआरआय काढले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरी १० टक्के वजन उतरले होते आणि एएचआय सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाला होता. घशातील बदलांपैकी या सुधारणेशी सर्वांत घट्ट नाते जिभेतली चरबी कमी होण्याचे होते.

पोटाच्या चरबीचा वाटा वेगळा आणि तितकाच महत्त्वाचा आहे. उताणे झोपल्यावर पोटाचे वजन श्वासपटलाला वर ढकलते आणि फुप्फुसांत उरणारी हवा कमी होते. फुप्फुसे पुरेशी फुगलेली असताना ती श्वासनलिकेला खाली ओढून धरतात आणि त्या ओढीमुळे घशाचा मार्ग ताठ राहतो. ही ओढ सुटली की मार्ग ढिला पडतो. शिवाय फुप्फुसांतला ऑक्सिजनचा साठाही कमी असल्यामुळे तेवढ्याच सेकंदांच्या अडथळ्यात रक्तातील ऑक्सिजन जास्त खोल घसरतो. फार लठ्ठ व्यक्तींपैकी काहींमध्ये दिवसासुद्धा श्वास उथळ राहून रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो. ही अवस्था वेगळी आणि अधिक गंभीर असते, आणि ती ओळखण्यासाठी रक्ताची तपासणी करावी लागते.

ऑस्ट्रेलियातील कॉलिन सलिव्हन यांनी १९८० मध्ये सिडनीत नाकावाटे हवेचा सततचा दाब देऊन हा मार्ग उघडा ठेवण्याची कल्पना अमलात आणली आणि १९८१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तोपर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, तो म्हणजे गळ्याला छिद्र पाडून श्वासासाठी नळी बसवणे. हे लक्षात घेतले की सीपॅपचे मोल कळते. मशीनची सवय लागेल ही भीती निराधार आहे. मास्क लावलेल्या रात्री श्वास मोकळा राहतो, काढल्यावर आजार होता तिथेच असतो, इतकेच. मात्र हे मशीन लठ्ठपणाला हात लावत नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत लठ्ठ रुग्णांचे तीन गट केले होते: केवळ सीपॅप, केवळ वजन कमी करणे आणि दोन्ही एकत्र. शरीरातील दाह दाखवणारे सीआरपी, इन्सुलिनला होणारा विरोध आणि ट्रायग्लिसराइड्स ही रक्तातील चरबी यांत वजन कमी करणाऱ्या गटांना फायदा झाला, केवळ सीपॅपच्या गटाला झाला नाही. ज्यांनी दोन्ही उपचार नेटाने केले, त्यांचा रक्तदाब सर्वांत जास्त उतरला. माझ्या मते हा निष्कर्ष प्रत्येक सीपॅप वापरणाऱ्या लठ्ठ रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगायला हवा, कारण एका उपचाराने दुसऱ्याची गरज संपत नाही हे त्यातून स्पष्ट होते.

किती वजन उतरले म्हणजे किती फरक पडतो, याचा ढोबळ अंदाज अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील दीर्घ अभ्यासातून मिळाला. त्यात चार वर्षांच्या काळात ज्यांचे वजन १० टक्के वाढले, त्यांचा एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढण्याचा अंदाज निघाला; १० टक्के घटलेल्यांचा तो सुमारे २६ टक्क्यांनी कमी होण्याचा. आता हे गणित एका कल्पित रुग्णाला लावून पाहू. उंची १६५ सेंटीमीटर, वजन १०५ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा) साधारण ३८.५, आणि एएचआय ६०. त्याने चिकाटीने साडेदहा किलो वजन उतरवले आणि एएचआय एक चतुर्थांशाने कमी झाला, तरी तो ४५ च्या आसपास राहील, म्हणजे आजार तीव्रच. हीच घट १९ असलेल्या रुग्णाला १५ च्या खाली, सौम्य आजारात नेऊ शकते. अर्थात सरासरीचा हा हिशेब प्रत्येकाला तसाच लागू होत नाही. टाइप २ मधुमेह असलेल्या २६४ लठ्ठ व्यक्तींवरील ‘स्लीप अहेड’ या अभ्यासात आहार आणि व्यायामाच्या काटेकोर कार्यक्रमाने एका वर्षात सरासरी १०.८ किलो वजन उतरले, तो कार्यक्रम केलेल्या गटातील १३.६ टक्क्यांचा आजार पूर्ण गेला, तर तुलनेच्या गटात ३.५ टक्क्यांचा. पुढील वर्षांत बरेचसे वजन परत आले, तरी झोपेतील श्वासाचा फायदा बऱ्याच अंशी टिकून राहिला.

जास्त वजन उतरवून ते टिकवण्याचा सर्वांत भक्कम मार्ग म्हणजे बॅरिॲट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर किंवा आतड्यावर केलेली शस्त्रक्रिया. सध्या सर्वाधिक केल्या जाणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठरात तोंडावाटे एक मार्गदर्शक नळी सोडतात, तिच्या कडेने स्टेपलरने जठर उभे शिवत आणि कापत जातात, आणि त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग दुर्बिणीच्या छिद्रातून बाहेर काढतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद पिशवी. काढलेल्या भागात भूक वाढवणारे घ्रेलिन हे संप्रेरक तयार होत असल्यामुळे भूकही कमी होते. बायपास या दुसऱ्या प्रकारात जठराचा लहान कप्पा करून तो थेट पुढच्या आतड्याला जोडतात. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियांनंतर महिनाभरात मृत्यू येण्याचे प्रमाण हजारात एक ते तीनच्या आसपास असते, पण शिवण गळणे, रक्तस्राव आणि पायाच्या शिरांत गुठळी होणे हे धोके असतातच, आणि बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व व प्रथिनांकडे जन्मभर लक्ष द्यावे लागते.

या शस्त्रक्रियेनंतर स्लीप ॲप्निया किती जातो? येथे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावे लागतात. २००४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या एका मोठ्या विश्लेषणात सुमारे ८५ टक्के रुग्णांचा आजार गेल्याचे म्हटले होते, आणि हा आकडा आजही जाहिरातवजा पत्रकांत दिसतो. पण आजार गेला हे ठरवण्याची रीत त्या सर्व अभ्यासांत सारखी नव्हती. २००९ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी फक्त असे १२ अभ्यास निवडले, ज्यांत शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतरही प्रत्यक्ष झोपेची तपासणी झाली होती. त्यातील ३४२ रुग्णांचा सरासरी बीएमआय ५५.३ वरून ३७.७ वर आला आणि एएचआय ५४.७ वरून १५.८ वर. सुधारणा प्रचंड आहे, पण सरासरी रुग्ण अजूनही मध्यम आजारातच आहे. घोरणे कमी झाले, दिवसा तरतरी आली, म्हणून मशीन कपाटात ठेवून देणारा रुग्ण नेमका या फटीत सापडतो.

मेलबर्नमध्ये झालेली आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली एक लहान चाचणी याहून विचार करायला लावणारी आहे. त्यात ६० रुग्णांपैकी निम्म्यांच्या जठराला पट्टा बसवला आणि निम्म्यांना आहार व व्यायाम असा नेहमीचा कार्यक्रम दिला. दोन वर्षांत पहिल्या गटाचे २७.८ किलो वजन उतरले, दुसऱ्याचे ५.१ किलो. एएचआय मात्र पहिल्या गटात तासाला २५.५ घटनांनी आणि दुसऱ्यात १४ घटनांनी घटला, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. पाचपट वजन उतरवूनही फायदा पाचपट झाला नाही. एवढ्या लहान चाचणीवरून शस्त्रक्रिया निरुपयोगी म्हणता येणार नाही, पण श्वासाचा मार्ग फक्त चरबीने बंद होत नाही हे ती दाखवते. जबडा मागे असणे, टाळू अरुंद असणे, झोपेत स्नायू जास्त सैलावणे, क्षुल्लक कारणाने झोप मोडणे, वाढते वय, यांपैकी काहीही वजनासोबत उतरत नाही. आशियाई लोकांमध्ये चेहऱ्याच्या हाडांच्या ठेवणीमुळे तुलनेने कमी वजनावरही हा आजार दिसतो, असे अनेक तज्ज्ञ मानतात.

आता औषधांनीही या चित्रात प्रवेश केला आहे. आठवड्यातून एकदा टोचायचे टिर्झेपेटाइड हे औषध लठ्ठ आणि मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्निया असलेल्या ४६९ जणांवर ५२ आठवडे तपासले गेले आणि २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तासाला सरासरी ५० च्या आसपास असलेला एएचआय औषधाने २५ ते २९ घटनांनी कमी झाला, तर निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये साधारण ५ घटनांनी. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने या आजारासाठी त्याला मान्यता दिली. भारतात हे औषध मार्च २०२५ मध्ये बाजारात आले. औषध थांबवल्यावर वजन बहुधा परत वाढते, त्यामुळे खर्चाचा विचार काही महिन्यांचा नव्हे तर वर्षांचा करावा लागतो.

शस्त्रक्रिया कोणी करावी, याचे निकष बदलले आहेत आणि आपल्याकडे तेथे एक अडचण आहे. बॅरिॲट्रिक शल्यचिकित्सकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी बीएमआय २७.५ पासून शस्त्रक्रियेचा विचार करावा असे सुचवले. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटी मात्र बीएमआय किमान ४०, किंवा ३५ आणि सोबत तीव्र स्लीप ॲप्निया, हृदयविकार अथवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखा आजार, आणि साधे उपाय करूनही वजन न उतरणे, अशी मागणी करतात. त्यामुळे बीएमआय ३३ आणि एएचआय ५० असलेल्या रुग्णाला वैद्यकीय गरज असूनही विम्याचा आधार मिळत नाही. भारतीयांमध्ये कमी बीएमआयवरही पोटाची चरबी जास्त असते हे मान्य झालेले असताना ही अट बदलणे आवश्यक आहे. ज्यांना ती लागू होते त्यांनी शस्त्रक्रियेआधीच स्लीप स्टडी करून अहवाल जवळ ठेवावा, कारण तोच दाव्याचा पुरावा ठरतो.

ती तपासणी आधी करण्याचे आणखी मोठे कारण भूल हे आहे. भुलीची आणि वेदनाशामक औषधे घशाचे स्नायू सैल करतात आणि गुदमरल्यावर जागे होण्याची प्रतिक्रिया मंदावतात. आजार माहीत असेल तर भूलतज्ज्ञ तशी तयारी ठेवतात, ऑपरेशनपूर्वी काही आठवडे सीपॅप सुरू करतात, रुग्णाला आपले मशीन रुग्णालयात आणायला सांगतात आणि पहिल्या रात्री ऑक्सिजनवर लक्ष ठेवतात.

शस्त्रक्रियेनंतर वजन वेगाने उतरत असताना मशीनचा जुना दाब जास्त वाटू लागतो, पोटात हवा जाते, गाल आणि गळा बारीक झाल्याने मास्कच्या कडेने हवा निसटते. अशा वेळी मशीन बंद न करता दाब आणि मास्क बदलून घ्यायचा असतो. आपोआप दाब जुळवून घेणारे मशीन असेल तर हे काम सोपे होते. वजन साधारण वर्ष ते दीड वर्षात स्थिरावते आणि तेव्हा झोपेची तपासणी पुन्हा करावी. एएचआय ५ च्या खाली असेल तर डॉक्टर मशीन थांबवतात. तो १० ते १५ असेल आणि घटना प्रामुख्याने उताणे झोपल्यावरच होत असतील, तर कुशीवर झोपण्याची साधने किंवा खालचा जबडा पुढे धरणारे दंतवैद्याकडून बनवलेले उपकरण पुरेसे ठरू शकते, जे वजन जास्त असताना तितके उपयोगी पडले नसते. आकडा १५ च्या वरच राहिला तर सीपॅप सुरू ठेवायचे, बहुधा पूर्वीपेक्षा कमी दाबावर, आणि पुढे कधी वजन पाच-सात किलोंनी वाढले किंवा घरच्यांनी पुन्हा घोरणे ऐकले तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता तपासणी पुन्हा करून घ्यायची.