चाणक्य, इयागो आणि कारस्थानी डोक्याचं सायन्स

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' नाटकात पहिल्याच अंकात चाणक्याच्या हाताला एक अंगठी लागते. नंदांचा जुना अमात्य राक्षस, त्याची मोहोर असलेली. राक्षस बायकोमुलांना चंदनदास नावाच्या मित्राकडे ठेवून पाटलीपुत्राबाहेर गेलाय, तिथे एक लहान पोर दाराबाहेर धावतं, आतली बाई हात लांबवून त्याला मागे ओढते आणि बोटातली सैल अंगठी निसटून घरंगळत येते ती थेट चाणक्याच्या हेराच्या पायाशी. बास, एवढ्या भांडवलावर हा माणूस शत्रूची अख्खी आघाडी फोडतो. राक्षसाच्याच माणसाकडून, शकटदासाकडून, त्याला पत्ता लागू न देता एक बिननावाचं पत्र लिहून घेतो, त्यावर ती मोहोर मारतो, मग त्याच शकटदासाला सुळावर चढवायला काढतो आणि आपल्याच हेराकरवी त्याला 'सोडवतो' पण. आता मित्राचा जीव वाचवणाऱ्यावर राक्षस विश्वास नाही टाकणार तर काय करणार!

अशी पात्रं आपल्याला भयंकर आवडतात. रोज संध्याकाळी टीव्हीवर कोणाची ना कोणाची सासू किंवा जाऊ तेच करत असते, फक्त जरा स्वस्तात. पण हे डोकं नेमकं कसं चालतं आणि खऱ्या आयुष्यातले डावपेचवाले लोक पण असेच असतात का, यावर मानसशास्त्रात बरंच काम झालंय आणि ते मजेशीर आहे.

सगळ्याची सुरुवात होते एका चॉकलेटपासून. हाइन्झ विमर आणि जोसेफ पर्नर यांनी 1983 मध्ये लहान मुलांना एक गोष्ट सांगितली, मॅक्सी नावाचा मुलगा एका कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो, मागे त्याची आई ते दुसऱ्या कपाटात हलवते, आता मॅक्सी परत आल्यावर कुठे शोधेल? अगदी लहान मुलं सांगतात दुसऱ्या कपाटात, कारण चॉकलेट तिथेच आहे ना! साधारण चार वर्षांच्या पुढे त्यांना कळायला लागतं की मॅक्सीच्या डोक्यात जुनीच माहिती आहे. दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूत असू शकते हे कळलं की ती मुद्दाम घालता पण येते, म्हणजे सगळ्या कारस्थानांचा पाया हाच.

आता याच्यावर मजले चढवा. चाणक्याला वाटतं की मलयकेतूला (राक्षसाच्या बाजूचा राजा, चंद्रगुप्ताचा शत्रू) असं वाटावं की राक्षसाला चंद्रगुप्ताने आपल्याला अमात्य करावं असं वाटतंय. दमलात ना वाचताना? किंडरमन, डनबार आणि बेंटॉल या तिघांनी 1998 मध्ये हेच तपासलं, लोकांना गोष्टी ऐकवून 'याला काय वाटतं की तिला काय वाटतं' असे एकावर एक प्रश्न विचारले. चौथ्या पायरीपर्यंत बहुतेकांचं ठीक चालतं, पाचवीला चुका एकदम वाढतात. बरं स्मरणशक्ती कमी पडते म्हणावं तर तसंही नाही, तेवढ्याच लांबीच्या साध्या घटना लोकांना नीट आठवतात. म्हणजे कारस्थानी पात्र रंगवणारा लेखक प्रेक्षकाला जवळजवळ त्याच्या लिमिटवर नेऊन ठेवत असतो, आणि मला वाटतं आपल्याला जी मजा येते ती त्या ताणाचीच.

मग खरे डावपेचवाले लोक मन वाचण्यात एकदम तरबेज असणार, बरोबर? इथेच गंमत आहे. रिचर्ड ख्रिस्टी आणि फ्लोरेन्स गाइस या दोघांनी 1970 मध्ये सत्तेच्या डावपेचांवर लिहिणाऱ्या इटालियन मॅकियाव्हेलीच्या विचारांवर बेतलेली 20 विधानांची एक टेस्ट छापली, तुम्ही किती सहमत ते सांगायचं आणि स्कोर काढायचा. त्यांचा एक खेळ पण होता. तीन माणसं, टेबलावर एकेक डॉलरच्या दहा नोटा, कुठल्याही दोघांनी आपसात डील करून पैसे वाटून घ्यायचे आणि तिसऱ्याला ठेंगा. जास्त स्कोरवाल्यांनी बाकीच्यांपेक्षा बरेच जास्त पैसे नेले. पण नंतर जेव्हा अशा लोकांची मन ओळखण्याची, चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याची परीक्षा झाली तेव्हा ते इतरांपेक्षा सरस निघाले नाहीत, काही अभ्यासांत तर उलट कमीच पडले. ख्रिस्टी-गाइसचं म्हणणं असं की त्यांचा फायदा थंडपणात आहे, समोरचा रडो की चिडो, हे आपले हिशोबाला चिकटून.

दुसरा फायदा त्यांना आपण देतो, फुकट. खोटं पकडण्याबद्दलचे ढीगभर प्रयोग बाँड आणि डिपॉलो यांनी 2006 मध्ये एकत्र केले, सरासरी निघाली 54 टक्के, म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जरासं बरं. आपण आधी विश्वास ठेवतो आणि त्यात वेडेपणा नाही, कारण रोजच्या जगण्यात बहुतेक वेळा लोक खरंच बोलतात, प्रत्येक वाक्यावर संशय घेत बसलो तर दूधवाल्याशी पण बोलणं अवघड.

आणि जी गोष्ट स्वतः शोधून काढली असं वाटतं तिच्यावर तर विश्वास घट्टच. शेक्सपिअरच्या ऑथेल्लोमधला इयागो (देवलांनी 1890 मध्ये 'झुंझारराव' करून हे नाटक मराठीत आणलं) ऑथेल्लोच्या बायकोवर बदफैलीचा थेट आरोप करतच नाही सुरुवातीला, नुसतं अडखळतो, काही नाही म्हणतो, आणि ऑथेल्लो खोदून खोदून विचारत बसतो. मलयकेतूलाही ते पत्र कोणी आणून देत नाही, ते हेराकडे झडतीत 'सापडतं'. त्यात राक्षसाच्या अंगावर मलयकेतूच्या मेलेल्या बापाचा दागिना, जो चाणक्यानेच माणसं पाठवून त्याला विकत घ्यायला लावलेला! मलयकेतू राक्षसाला हाकलतो आणि वर आपल्याच पाच मित्रराजांना मारायचा हुकूम देतो.

पण चाणक्य आणि इयागो या दोघांना एका रांगेत बसवणं मला पटत नाही. ख्रिस्टी-गाइसच्या टेस्टमध्ये जास्त स्कोर यायचा तर जग स्वार्थी आहे, सगळे आपलंच बघतात असं मानावं लागतं. इयागो तंतोतंत तसाच, आणि आपटतो पण तिथेच. त्याची बायको एमिलिया मेलेल्या मालकिणीसाठी, म्हणजे ऑथेल्लोच्या बायकोसाठी, जिवावर उदार होऊन सगळ्यांसमोर खरं बोलेल हे त्याच्या हिशोबातच नसतं, तिला गप्प करायला शेवटी तलवार काढावी लागते, तोवर उशीर झालेला. चाणक्याचा शेवटचा डाव याच्या बरोबर उलटा आहे. चंदनदासाला वधस्तंभाकडे नेतायत ही बातमी तो आपल्याच माणसाकरवी राक्षसाच्या कानावर घालतो, बस, पुढे काही करतच नाही. सगळं हरलेला राक्षस खरं तर पळून जाऊ शकत होता, आणि इयागोने नक्की तसंच गृहीत धरलं असतं. चाणक्याला माहीत असतं की हा माणूस मित्रासाठी स्वतः चालत येणार, आणि तो येतो, आणि त्याच्या मित्राच्या जिवाच्या बदल्यात त्याला चंद्रगुप्ताचं अमात्यपद घ्यायला लावलं जातं.