कुलपामागचा जामीनदार

बँकेची वेबसाइट उघडली की 'ही खरोखर त्याच बँकेची' असा निर्वाळा ब्राउझरला कोण देतं? एक डिजिटल प्रमाणपत्र, आणि त्यावर सही करणारी संस्था, म्हणजे सर्टिफिकेट अथॉरिटी किंवा सीए. विश्वासू सीएंची यादी ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आधीपासूनच भरलेली असते. या रचनेत मुळातच एक धोका आहे. यादीतली कोणतीही सीए जगातल्या कोणत्याही डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, प्रमाणपत्र देऊ शकते. एकीचा ढिसाळपणा सगळ्यांना भोवतो.

नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या सीएच्या यंत्रणेत 2011 च्या जूनमध्ये हल्लेखोर शिरले. प्रमाणपत्रं देणारे सगळे सर्व्हर एकाच विंडोज डोमेनमध्ये, म्हणजे एकाच नियंत्रणाखालच्या जाळ्यात होते, पासवर्ड कच्चा होता आणि तपासलेल्या सर्व्हरवर अँटिव्हायरसही नव्हता. हल्लेखोरांनी 531 बनावट प्रमाणपत्रं काढली. त्यांतलं 10 जुलैचं एक गूगलच्या तमाम उपडोमेनांना चालणारं होतं. 19 जुलैला कंपनीला घुसखोरी कळली. सापडली तेवढी प्रमाणपत्रं तिने रद्द केली आणि ती गप्प बसली! गूगलचं ते प्रमाणपत्र मात्र सुटलं. ऑगस्टच्या अखेरीस इराणमधल्या एका जीमेल वापरकर्त्याला क्रोमने धोक्याची सूचना दाखवली, तेव्हा प्रकरण फुटलं. गूगलच्या साइटसाठी कोणत्या चाव्या ग्राह्य धरायच्या, हे क्रोममध्ये आधीच नोंदलेलं होतं, म्हणून हे जमलं. तोवर सुमारे 3 लाख आयपी पत्त्यांपर्यंत ते प्रमाणपत्र पोचलं होतं, बहुतेक सगळे इराणमधले. ब्राउझरांनी डिजिनोटारला यादीतून काढलं आणि 20 सप्टेंबरला कंपनीचं दिवाळं निघालं. घुसखोरी कोणाच्याही बाबतीत होऊ शकते, पण ते सहा आठवड्यांचं मौन अक्षम्य होतं.

भारतातही हे घडलंय. जुलै 2014 मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या सहीची, गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रं गूगलला सापडली. एनआयसीला मान्यता देणाऱ्या सीसीए या सरकारी नियंत्रकाचं मूळ प्रमाणपत्र मायक्रोसॉफ्टच्या यादीत असल्यामुळे धोका मुख्यतः विंडोजवर होता. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, त्यामुळे तो वाचला. सीसीएने चारच प्रमाणपत्रं चुकीची निघाल्याचं सांगितलं, गूगलला मात्र आणखी काही ठाऊक होती. मग क्रोमने सीसीएच्या साखळीला सरकारी डोमेनं, रिझर्व्ह बँक, बँक ऑफ इंडिया अशा मोजक्याच ठिकाणी मुभा ठेवली.

सीएंवर लेखापरीक्षणाची देखरेख असते, पण लेखापरीक्षण तर डिजिनोटारचंही होत होतं. खरा फरक पडला तो दिलेली प्रमाणपत्रं सगळ्यांसमोर नोंदवणाऱ्या सार्वजनिक नोंदवह्यांमुळे, म्हणजे सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीमुळे. 30 एप्रिल 2018 नंतर दिलेल्या प्रत्येक प्रमाणपत्रासोबत क्रोम अशा नोंदवहीच्या सहीच्या पावत्या मागतो. या वह्यांत भर घालता येते, पण जुनी नोंद गुपचूप खोडता येत नाही. प्रत्येक नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला डिजिटल ठसा, शेजारच्या हॅशसोबत वरच्या हॅशमध्ये गुंफलेला असतो, त्यामुळे एक अक्षर बदललं तरी वरचा हिशेब जुळत नाही.

चूक अशी चव्हाट्यावर आली की घड्याळ सुरू होतं. नियमाप्रमाणे गंभीर प्रकारांत 24 तासांत आणि इतर बहुतेक प्रकारांत 5 दिवसांत प्रमाणपत्र रद्द करावं लागतं. जुलै 2024 मध्ये डिजिसर्ट या सीएला आढळलं, की डोमेनच्या मालकीची खातरजमा करताना डीएनएस या डोमेनच्या सार्वजनिक नोंदव्यवस्थेतल्या नोंदीत यादृच्छिक मजकुराआधीची अधोरेषा (_) काही वेळा गळत होती. एक चिन्ह, पण 83,267 प्रमाणपत्रं बाद. कंपनीने स्वतःच जाहीर करून ती रद्द करायला घेतली. ग्राहकांची तारांबळ उडाली, एकाने तर अमेरिकी न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली. काहींना मुदतवाढ द्यावी लागली, तरी डिजिसर्ट यादीत टिकली. त्याच वर्षी एन्ट्रस्ट या दुसऱ्या सीएने मात्र नियमबाह्य प्रमाणपत्रं वेळेत रद्द करायला टाळाटाळ केली. आधीच्या वर्षांतलीही अशीच प्रकरणं साचली होती. नोव्हेंबर 2024 पासूनची तिची नवी प्रमाणपत्रं क्रोमने नाकारली, आणि हा निर्णय रास्तच होता.

तुमची स्वतःची साइट असेल तर डीएनएसमध्ये सीएए नोंद, म्हणजे तुमच्या डोमेनला कोणत्या सीएने प्रमाणपत्र द्यावं हे सांगणारी नोंद, टाका आणि तीत फक्त तुमच्या सीएचं नाव द्या. 8 सप्टेंबर 2017 पासून ती तपासणं प्रत्येक सीएला बंधनकारक आहे. सीआरटी डॉट एसएच (crt.sh) या साइटवर, जिथे त्या सार्वजनिक नोंदी शोधता येतात, आपलं डोमेन शोधून अनोळखी सीएचं प्रमाणपत्र दिसतं का, हे अधूनमधून बघत जा. नूतनीकरण हाताने करत असाल तर ते आताच स्वयंचलित करा, कारण मार्च 2029 पासून प्रमाणपत्राची कमाल मुदत 47 दिवसांवर येणार आहे. शिवाय, उद्या प्रमाणपत्र रद्द झालं तर 24 तासांत नवं बसवता येतं का, याची एकदा रंगीत तालीम करा.