निळा देवमासा आणि हीला मॉन्स्टर : दोघांचंही कोठार अंगातच

मेक्सिकोचा नकाशा काढून वायव्य कोपरा बघा, तिथे कॅलिफोर्नियाचं आखात म्हणून समुद्राचा एक लांबट चिंचोळा पट्टा आत शिरलाय. हिवाळ्यात तिथे लोरेटोच्या आसपास निळे देवमासे येतात, आणि पलीकडच्या काठाला सोनोराचं वाळवंट, जिथे हीला मॉन्स्टर ही विषारी पाल राहते. म्हणजे तसे शेजारीच की!

साईजची तुलना करण्यात मजा नाही, एक शंभर टनांच्या आसपास आणि दुसरी किलोभरही नाही, निकाल लागलेलाच आहे. मजा आहे ती दोघांच्या खाण्यात. समुद्र काय आणि वाळवंट काय, खाणं सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं, एखाद्या ठिकाणी, एखाद्या मोसमात भरपूर, नाहीतर ठणठणाट. मग मिळेल तेव्हा हाणायचं आणि चरबी करून ठेवायची.

देवमासा क्रिलचा (कोळंबीसारखे इवलेसे समुद्री जीव) दाट थवा दिसला की जबडा उघडून जवळजवळ स्वतःच्या वजनाएवढं पाणी तोंडात घेतो आणि गाळून बाहेर टाकतो. कॅलिफोर्नियाकडचे देवमासे खाण्याच्या मोसमात दिवसाला साधारण १६ टन क्रिल खातात असा २०२१ च्या अभ्यासातला अंदाज आहे. पुढच्या प्रवासात खाणं कमी पडलं तर कातडीखालची चरबी आहेच.

हीला मॉन्स्टरची चरबी शेपटीत. जाड शेपटी म्हणजे बाई खाऊनपिऊन सुखी. एका जेवणात स्वतःच्या वजनाच्या एक तृतीयांश खाऊ शकते, आणि मग बिळात पडून राहते, वर्षातला बहुतेक वेळ बिळातच जातो. मूत्राशयात पाणीपण साठवते आणि तहानेच्या दिवसांत तेच परत वापरते.

ऊर्जेचा खर्च वाचवायची पद्धत मात्र वेगळी. पाल थंड रक्ताची, शरीर गरम ठेवायचा खर्चच नाही. देवमासा गरम रक्ताचा, पण एवढ्या मोठ्या शरीरातून उष्णता हळू निसटते त्यामुळे किलोमागे खर्च कमी. शिवाय स्टॅनफर्डच्या जेरेमी गोल्डबोगेन यांच्या टीमने कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे बे मध्ये एका देवमाशाला सेन्सर चिकटवून हृदयाचे ठोके मोजले (अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला), तर खोल पाण्यात ते मिनिटाला २ पर्यंत खाली गेले आणि वर श्वास घ्यायला आल्यावर ३७ पर्यंत पोचले.

आता विषाचं. ही पाल खाते मुख्यतः अंडी आणि घरट्यातली पिल्लं, अंडी काय पळून जाणारेत? म्हणून विष शिकारीपेक्षा बचावासाठीच असावं असं मानतात. ग्रंथी खालच्या जबड्यात, सापासारखं इंजेक्शन नाही, चावा धरून ठेवते आणि दातांच्या खाचांतून विष जखमेत झिरपतं. माणूस मरणं दुर्मिळ, पण वेदना भयंकर. (आपल्याकडे बिचाऱ्या सापसुरळीला उगाच विषारी म्हणून मारतात, तिच्यात विष नसतं.)

याच विषात न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांना एक्सेंडिन-४ नावाचं रसायन सापडलं, १९९२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. जेवल्यावर इन्सुलिन वाढवणारं जीएलपी-१ हार्मोन आपल्या शरीरात दोनेक मिनिटांत मोडतं, एक्सेंडिन-४ त्याच्यासारखंच काम करतं पण कितीतरी जास्त वेळ टिकतं. त्यावरून बनलेलं एक्सेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत डायबेटीससाठी मंजूर झालं. हल्ली वजन कमी करायला गाजतंय ते सेमाग्लुटाइड मात्र पालीच्या विषापासून बनत नाही, ते माणसाच्याच हार्मोनमध्ये बदल करून बनवलंय, फॉरवर्ड्समध्ये काहीही लिहिलेलं असो.