एगनॉग: दारू गेली, आच आली

एगनॉग म्हणजे दूध, अंडी आणि साखर यांचं नाताळातलं अमेरिकी पेय, मुळात दारू घालून केलेलं. ते बिनदारूचं करताना खरी कसोटी शेवटच्या दोन मिनिटांत लागते. साखरेबरोबर फेटून फिकट पिवळा झालेला बलक एका वाडग्यात आणि शेजारी वाफाळतं दूध. डावभर दूध बारीक धारेने बलकात सोडायचं, दुसऱ्या हाताने फेटणं चालूच ठेवायचं आणि मग सगळं परत भांड्यात ओतून मंद आचेवर ढवळत राहायचं. बराच वेळ काहीच होत नाही. मग एकदम चमचा जड लागायला लागतो. मिश्रणाचा थर त्याच्या पाठीला धरून राहतो, त्यावर बोटाने ओढलेली रेघ बुजत नाही. इथे आच बंद करायची. आणखी थोडं रेंगाळलात की दुधात शिजलेल्या अंड्याचे बारीक कण तरंगायला लागतात, आणि मग गाळणीशिवाय गत्यंतर नसतं.

हे सगळं जुन्या अमेरिकी एगनॉगमध्ये नव्हतं. तिथे अंडी कच्चीच असायची. चुलीचं काम, म्हणजे जंतू मारणं, दारूवर सोपवलेलं असायचं, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

या पेयाचा पूर्वज म्हणून इंग्लंडच्या ‘पॉसेट’कडे बोट दाखवतात. मध्ययुगापासून चालत आलेला हा प्रकार: गरम दूध एल (एक प्रकारची बियर) किंवा वाइन घालून मुद्दाम फाडायचं आणि वर मसाले टाकायचे. श्रीमंतांच्या घरी त्यात साय आणि अंडीही पडत. सर्दी-तापावरचा उपाय आणि झोपण्यापूर्वीचं पेय, असा त्याचा दुहेरी मान होता. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’मध्ये राजाच्या पहारेकऱ्यांना गुंगी आणली जाते ती पॉसेटमधूनच. त्यासाठी खास भांडी बनत, दोन कानांची आणि बाजूला तोटी असलेली. वर तरंगणारा फेस आणि चोथा चमच्याने खायचा, खालचं पाणी तोटीतून ओढायचं. पिण्याची आणि खाण्याची वस्तू एकाच भांड्यात. एगनॉग चमच्याने खावं इतकं दाट असावं की घोटाघोटाने पिता येईल इतकं पातळ, हा वाद अजून चालतो. मला त्याचं मूळ त्या भांड्यातच दिसतं.

अटलांटिक ओलांडल्यावर हिशेब बदलला. इंग्लंडमध्ये दूध, अंडी आणि परदेशी मद्य एकत्र येणं ही ऐपतीची गोष्ट होती. अमेरिकेतल्या वसाहतींत मात्र गाई-कोंबड्या शेतोशेती होत्या. ब्रँडीवर जबर कर होता, पण रम स्वस्त होती. ती स्वस्ताई कॅरिबियन बेटांवरच्या उसाच्या मळ्यांतून, गुलामांच्या कष्टांतून आलेली. स्वातंत्र्ययुद्धानंतर रमची आवक आटली तशी देशी व्हिस्की पेल्यात आली.

नावाचा पहिला सापडलेला उल्लेख १७७५ च्या सुमाराचा आहे. मेरीलँडमधले धर्मोपदेशक जोनाथन बाउचर यांच्या एका कवितेत ‘एग-नॉग’ येतं. ‘नॉग’ म्हणजे इंग्लंडच्या नॉरफोक भागातली कडक बियर असं एक मत, ‘नॉगिन’ या छोट्या लाकडी पेल्यावरून शब्द आला असं दुसरं. पहिलं मला जास्त पटतं, पण भाषातज्ज्ञांनी निकाल दिलेला नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या नावावर खपणारी एक पाककृती दर डिसेंबरात फिरते, तिच्यावर मात्र विश्वास ठेवू नये. ती त्यांचीच असल्याचा पुरावा नाही.

एगनॉगमधली दारू काढायची म्हटल्यावर काय होतं, याचा धडा १८२६ च्या नाताळात मिळाला. वेस्ट पॉइंट इथल्या लष्करी अकादमीचे प्रमुख सिल्व्हेनस थेयर यांनी आवारात दारूवर बंदी घातली होती. म्हणजे नाताळचं एगनॉगही कोरडंच. कॅडेटांना ते पचलं नाही. त्यांनी आसपासच्या गुत्त्यांतून व्हिस्की गुपचूप आणली आणि २४ डिसेंबरच्या रात्री बराकीत मैफल जमवली. पहाटेपर्यंत मैफलीचा दंगा झाला: खिडक्या फुटल्या, सामान मोडलं, अधिकाऱ्यांवर तलवारी उपसल्या गेल्या. पुढे १९ कॅडेटांवर लष्करी खटले चालले. त्या रात्रीच्या मंडळींत जेफरसन डेव्हिसही होते, पण खटल्यातून वाचले. यादवी युद्धात दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांचे अध्यक्ष झाले ते हेच.

आणि त्याच १८२६ मध्ये, फेब्रुवारीत, बोस्टनला ‘अमेरिकन टेम्परन्स सोसायटी’ स्थापन झाली होती. मद्यपानविरोधी चळवळ पुढच्या काही दशकांत घराघरांत पोचली. १८५१ मध्ये मेन राज्याने दारूबंदीचा कायदाही केला. तरी बारमधलं एगनॉग जोरात होतं. जेरी थॉमस यांच्या १८६२ च्या बारटेंडर-पुस्तकात त्याच्या अर्धा डझनाच्या आसपास कृती आहेत. त्यांतल्या जनरल हॅरिसन यांच्या नावाच्या कृतीत रम-ब्रँडीऐवजी सफरचंदाची सायडर आहे. काही लेखांत तिला बिनदारूचं एगनॉग ठरवून टाकतात. पण त्या काळी अमेरिकेत सायडर म्हणजे बहुधा आंबवलेलीच.

बिनदारूच्या एगनॉगची खरी वाट आजाऱ्याच्या खोलीतून गेली. दुधात फेटलेलं अंडं, साखर आणि चिमूटभर जायफळ हे अशक्त माणसाचं पथ्य म्हणून गृहिणींच्या पुस्तकांत स्थिरावलं. पूर्व युरोपात गोगल-मोगल हा बलक आणि साखर फेटून केलेला पदार्थ घसा बसल्यावर देतात, तोही याच गोत्रातला. १९२० ते १९३३ या देशव्यापी दारूबंदीनंतर दुधाच्या कंपन्यांनी नाताळाच्या तोंडावर तयार एगनॉग विकणं रूढ केलं. ते सरसकट बिनदारूचं. ज्याला हवी त्याने घरी बाटली उघडावी. आज अमेरिकी सरकारच्या व्याख्येत एगनॉगमध्ये किमान ६ टक्के दुधाची स्निग्धता आणि किमान १ टक्का बलकाचा घन अंश लागतो. दारूचं नावही नाही. एक टक्का! नावात अंडं पहिलं आणि पेल्यात सगळ्यांत शेवटी. उरलेला दाटपणा बहुतेकदा कॅराजीनन किंवा ग्वार गम अशा घट्ट करणाऱ्या पदार्थांचा.

घरगुती एगनॉग मात्र कच्च्या अंड्याचंच राहिलं होतं, १९८० च्या दशकापर्यंत. तेव्हा अमेरिकेच्या ईशान्य भागात साल्मोनेला एंटेरिटिडिस या अन्नातून विषबाधा करणाऱ्या जंतूच्या साथी वाढल्या आणि लक्षात आलं की दोष कवचावरच्या घाणीचा नाही. जंतू कोंबडीच्या बीजकोशात असतो आणि कवच तयार होण्याआधीच अंड्यात शिरतो. म्हणजे अंडं कितीही धुवा, वरून कितीही स्वच्छ दिसो, उपयोग नाही.

दारू यावर किती चालते, हे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात तपासलं गेलं. तिथल्या जंतुशास्त्रज्ञ रेबेका लान्सफिल्ड नाताळच्या काही आठवडे आधी एगनॉग करून मुरवत ठेवायच्या. पुढे त्याच प्रयोगशाळेत त्या कडक मिश्रणात मुद्दाम साल्मोनेला सोडून पाहिला. आठवड्याभरानंतरही जंतू होते; तीन आठवड्यांनी ते नाहीसे झाले. तेव्हा रम ओतली आणि लगेच पेले भरले तर दारूने काहीच राखण केलेली नसते. आणि दारूच नसेल तर वाट पाहण्यातही अर्थ नाही, उलट दिवसागणिक धोका वाढतो.

म्हणून आच. मिश्रण ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्या, असं अमेरिकी अन्नसुरक्षा यंत्रणा सांगतात. बलक एरवी याच्या आसपासच गोठतो, पण दूध आणि साखर मिसळल्यावर तो आणखी बरंच सोसतो. ८२-८५ अंशांच्या पुढे फुटतो. हे दहा-बारा अंश तेवढे आपल्या हातात असतात. थर्मामीटर नसेल तर चमच्यावरची ती रेघ. फेटलेलं कच्चं पांढरं वरून घालायची जुनी रीत यात बाद होते. तिच्या जागी फेटलेलं क्रीम आलं.

दारू आणखीही एक काम करत होती: ती साय आणि साखर कापायची. तिच्याविना जुनं प्रमाण तसंच ठेवलं तर दुसऱ्या घोटाला तोंड मिटतं. क्रीम कमी, दूध जास्त, साखर हात राखून आणि मीठ चिमूटभर, एवढ्याने बरंच साधतं. रम इसेन्सची मला तरी गरज वाटत नाही, व्हॅनिला पुरे.

गाळलेलं एगनॉग भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून लगेच निववतात, मग फ्रिजमध्ये. थंड झाल्यावर ते आणखी दाटतं, त्यामुळे आचेवरून उतरवताना जरा पातळच वाटायला हवं. वाढायचं ते लहान पेल्यांतून. जायफळ आधी किसून ठेवू नका, वास उडून जातो. पेला हातात देतानाच वरून किसा. मोठं भांडं टेबलावर तासन्‌तास उघडं ठेवायची पंच-बोलची पद्धत दारूच्या काळातली. आता थोडं थोडं बाहेर काढावं आणि उरलेलं दोन-तीन दिवसांत संपवावं.