बोटीवरचा आठवडा आणि घाटातला नायट्रोजन

खान्देशात पोहायला शिकायचं म्हणजे विहीर. पाठीला रिकामा डबा बांधायचा, काकाने किंवा मोठ्या भावाने मागून ढकलायचं. दोन-तीन उन्हाळे गेले की तेच पोरगं काठावरून सूर मारतं आणि पैज लावून तळातला गाळ मुठीत घेऊन वर येतं. अशी तरबेज पोरं आता नोकरीधंद्याला लागली आहेत आणि त्यातली काही मालदीव, अंदमान नाहीतर थायलंडच्या सिमिलन बेटांकडे ‘लिव्हअबोर्ड’ सफरीला जातात. बोटीवरच राहायचं, जेवायचं, झोपायचं आणि दिवसातून तीन-चार वेळा पाठीवर सिलिंडर घेऊन समुद्रात उतरायचं, असा पाच-सात दिवसांचा कार्यक्रम. ज्याला विहिरीत दम कोंडता येतो त्याला हे सहज जमेल, असं घरच्यांना वाटतं. स्कूबाच्या, म्हणजे सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहण्याच्या, पहिल्याच धड्यात नेमकं उलटं सांगतात: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

कारण साधं आहे. सुमारे १० मीटर खोल पाण्यात दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, ३० मीटरवर चौपट. दाब दुप्पट झाला की हवेचं आकारमान निम्मं होतं, हे रॉबर्ट बॉइलने १६६२ साली मांडलं. विहिरीत सूर मारणारा छातीत सहा लिटर हवा भरून गेला, तर १० मीटरवर ती आकसून तीन लिटर होते आणि वर येताना पुन्हा सहा. हिशेब बरोबर. स्कूबावाल्याचं तसं नाही. सिलिंडरला जोडलेला, तोंडात धरायचा रेग्युलेटर त्याला त्या खोलीच्या दाबाचीच हवा पुरवतो, म्हणजे १० मीटरवरही त्याची फुप्फुसं पूर्ण सहा लिटर भरलेली असतात. घाबरून त्याने दम कोंडला आणि वर झेप घेतली, तर ती हवा बारा लिटर व्हायला बघते. तेवढी जागा छातीत नाही. फुप्फुस फाटतं आणि हवा थेट रक्तात शिरू शकते. दोन मीटरसारख्या उथळ पाण्यातही हे घडू शकतं. पट्टीच्या विहीरपोहणाऱ्याला म्हणूनच जास्त सांभाळावं लागतं. अडचण आली की दम कोंडायचा, ही त्याची अंगवळणी पडलेली सवय असते.

हा धोका प्रत्येक डुबकीचा, क्षणाचा. लिव्हअबोर्डचा खरा विषय मात्र नायट्रोजन आहे, आणि तो सावकाश काम करतो.

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. शरीर तो वापरत नाही, पण रक्तात आणि ऊतींमध्ये तो विरघळतो, आणि दाब जितका जास्त तितका जास्त. विहिरीतल्या पोराकडे एकाच श्वासाची हवा असते, तीही मिनिटभरासाठी, म्हणून त्याच्या अंगात फारसं काही मुरत नाही. पण १८ मीटरवर पाऊण तास श्वास घेणाऱ्याच्या अंगात तो सतत मुरत राहतो. वर येताना दाब झपाट्याने उतरला तर विरघळलेला वायू फुप्फुसांवाटे शांतपणे बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि रक्तात, सांध्यांत, कधी मज्जारज्जूत त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, हातापायांना मुंग्या येतात, वाईट प्रकरणात पाय लुळे पडतात.

यावर पहिला पक्का हिशेब जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञाने १९०८ साली दिला. ब्रिटिश नौदलात पाण्याखाली उतरणाऱ्या माणसांसाठीचं हे संशोधन झालं ते शेळ्यांवर. दाबाच्या बंद टाकीत शेळ्या ठेवायच्या, मग दाब उतरवायचा आणि बघत बसायचं. सांध्यात दुखायला लागलं की शेळी पुढचा पाय उचलून धरते. एवढ्या साध्या खुणेवर या पाण्यात उतरणाऱ्यांसाठीचे पहिले भरवशाचे तक्ते उभे राहिले. हॉल्डेनची खरी कल्पना अशी, की शरीर म्हणजे एकसारखी टाकी नाही; काही भाग नायट्रोजन भराभर घेतात आणि भराभर सोडतात, काही सावकाश.

शेतकऱ्याला हे वेगळं समजवायला नको. बरड जमिनीत पाणी पटकन जिरतं आणि दुसऱ्या दिवशी औत घालता येतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीत पाणी हळूहळू मुरतं, पण एकदा मुरलं की वाफसा यायला दिवस जातात. रक्त आणि मेंदू हे बरड. चरबी, कूर्चा, सांध्यांचे बंध ही काळी जमीन. त्यात चरबीमध्ये नायट्रोजन पाण्याच्या सुमारे पाचपट विरघळतो.

हॉल्डेनने शरीराचे असे पाच कप्पे मानले होते. निम्मा नायट्रोजन भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ पहिल्यात ५ मिनिटं, शेवटच्यात ७५ मिनिटं. पुढे झुरिकच्या अल्बर्ट ब्यूलमान या डॉक्टरने सोळा कप्प्यांचं गणित मांडलं आणि त्यातल्या सर्वांत सुस्त कप्प्याचा अर्धकाळ ६३५ मिनिटं, म्हणजे साडेदहा तासांच्या वर, धरला. आज खोली आणि वेळ मोजणारे मनगटावरचे बरेच डाइव्ह कॉम्प्युटर याच गणिताच्या आधारावर चालतात.

आता बोटीवरचा दिवस बघा. उजाडताना एक डाइव्ह, नाश्त्यानंतर दुसरी, दुपारी तिसरी, अंधार पडल्यावर चौथी. रात्री आठला वर आलात आणि सकाळी साडेसहाला पुन्हा उतरलात, तर मध्ये साडेदहा तास गेले. म्हणजे सुस्त कप्प्यात कालचा जादा नायट्रोजन जवळजवळ निम्मा अजून बसलेलाच आहे. पहाटे चहा पिऊन ताजातवाना झालेला माणूस त्या अर्थाने कोरा नसतो. एका प्रचलित तक्त्यानुसार १८ मीटरवर ५६ मिनिटं आणि ३० मीटरवर २० मिनिटं राहून थेट वर येता येतं. पण ही मुभा पहिल्या डाइव्हची. पुढच्या प्रत्येक डाइव्हला मागचं शिल्लक धरूनच वेळ मिळतो.

इथे एक गैरसमज मात्र काढायला हवा. सात दिवस नायट्रोजन रोज चढत जातो आणि शेवटी माणूस काठोकाठ भरतो, असं अनेकांना वाटतं. गणित तसं सांगत नाही. चोवीस तासांत सर्वांत सुस्त कप्पाही आदल्या दिवशीचा जवळजवळ चार पंचमांश जादा नायट्रोजन सोडून देतो. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळी बऱ्यापैकी स्थिरावते. पण मधल्या कुठल्याच दिवशी ती शून्यावर येत नाही, आणि खरी परीक्षा होते ती बोट सोडून घरी निघताना.

म्हणून तर बहुतेक बोटींवर शेवटचा डाइव्ह बोट सोडण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत उरकतात. पैसे पूर्ण भरलेले, समुद्र समोर निळाशार, आणि लोक डेकवर पत्ते कुटत बसलेले. चडफडाट होतो, पण कारण रास्त आहे. विमानाच्या केबिनमध्ये दाब सुमारे २४०० मीटर उंचीवर असतो तितका असू शकतो, म्हणजे समुद्रसपाटीच्या जेमतेम तीन चतुर्थांश. पाण्यातून वर येताना जे सांभाळलं, ते इथे पुन्हा एकदा, आणि आणखी वर. अनेक दिवस अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास थांबा, असा प्रचलित सल्ला आहे. मी म्हणेन २४ धरा. १८ तासांनंतरही सुस्त कप्प्यात साधारण तिसरा हिस्सा उरतोच. नायट्रॉक्स, म्हणजे ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण, वापरलं तर नायट्रोजन कमी मुरतो, पण साधारण ३४ मीटरच्या खाली त्यातला ऑक्सिजनच घातक ठरू लागतो. आणि नायट्रॉक्स घेतला म्हणून थांबण्याचे तास कापून घ्यावेत, असं नाही.

विमानाचं बोटवाले सांगतात. घाटाचं आपल्याला कोणी सांगत नाही. मालवणकडून गाडीने खान्देशात यायचं तर नेहमीच्या वाटेने सह्याद्री चढावाच लागतो. आंबोली सुमारे ७०० मीटर, मुंबईकडून आलात तर कसाऱ्यानंतर इगतपुरी सुमारे ६०० मीटर, आणि पुढे नाशिकही जवळपास तेवढंच. ६०० मीटरवर दाब सुमारे सात टक्क्यांनी कमी असतो. केबिनच्या मानाने किरकोळ, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या उथळ पाण्यात एखादी डुबकी मारणाऱ्याने त्याची चिंता करू नये. पण विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर समुद्रात आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळपठारासारखी जागा आहे, जिथे बोटीवर मुक्काम केल्याशिवाय भागत नाही आणि प्रवाळांचा माथाच सुमारे २० मीटर खाली आहे. तिथे दोन-तीन दिवस डाइव्ह करून ‘रात्रीच निघू, सकाळी घरी’ हा आपला खाक्या चालायचा नाही. वाटेत वणीच्या गडावर दर्शन घेऊन येऊ, हे तर त्याहून अवघड; गड हजार मीटरच्या वर आहे. पाण्याबाहेर एक पूर्ण दिवस काढला की आंबोलीही मोकळी आणि सप्तशृंगीही.

उशिरा उमटणारी लक्षणं हा दुसरा घोळ. बहुतेकांना त्रास काही तासांत जाणवतो, पण चोवीस तासांपर्यंत लांबू शकतो. तोवर माणूस भुसावळच्या फलाटावर बॅगा उचलत असतो. खांदा दुखला तर ओझ्याने दुखला म्हणायचं, थकवा आला तर उन्हाने. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, आणि अंगातलं पाणी कमी असणं हेही या त्रासाला हातभार लावतं असं मानलं जातं. गावातल्या डॉक्टरकडे दिवसाला दहा खांदेदुखीचे रुग्ण येतात. तो गोळी देऊन मोकळा होणार. आपणच सांगायला हवं, की काल-परवा इतक्या खोलीवर इतके डाइव्ह केले. डाइव्ह कॉम्प्युटर सोबत न्या, त्यात सगळी नोंद असते. पहिला उपचार शुद्ध ऑक्सिजन, आणि तो जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतो. पुढचा उपचार म्हणजे दाबाच्या कक्षात ठेवून बुडबुडे पुन्हा विरघळवणं. अशी सोय मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे. तिथे रुग्ण न्यायची वेळ आली तर डॉक्टरांना विचारून मार्ग ठरवा.

आणि ज्यांना थांबायला सुट्टीच उरलेली नसते, त्यांच्यासाठी खान्देशाला एक सोय आयतीच आहे. मुंबईहून सुरत, नंदुरबारमार्गे भुसावळला येणारी खान्देश एक्स्प्रेस तापीच्या खोऱ्यातून येते. वाटेत ना कसारा, ना इगतपुरी, आणि जळगाव स्वतः समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर.