'मुस्तफा' ते पबजी: एका भीतीची पार्श्वभूमी

'मारामारीचे खेळ खेळून पोरगं बिघडलं.' जळगाव-धुळ्याकडच्या घरांत मोबाईल हिसकावून घेताना हमखास ऐकू येणारं हे वाक्य पबजी या मोबाईलवरच्या गोळीबाराच्या खेळाच्या कितीतरी आधीचं आहे.

१९७६ साली अमेरिकेत 'डेथ रेस' नावाचा नाणं टाकून खेळायचा खेळ आला. पडद्यावरच्या काडीच्या आकृत्यांवर गाडी घालायची, आकृती चिरडली की तिथे क्रूस उमटायचा. चित्रं इतकी ओबडधोबड की आज कुणी हसेल, पण तेव्हा वर्तमानपत्रांनी टीकेची झोड उठवली. पुढे १९९२ मध्ये 'मॉर्टल कोम्बॅट'मध्ये रक्त दिसू लागलं आणि प्रकरण थेट अमेरिकी संसदेच्या सिनेट या सभागृहात गेलं. ९ डिसेंबर १९९३ ला तिथे सुनावणी झाली. गंमत म्हणजे दुसऱ्याच दिवशी 'डूम' हा गोळ्या झाडायचा खेळ बाजारात आला! १९९४ पासून तिकडे खेळांच्या खोक्यावर वयाची खूण छापली जाऊ लागली.

याच काळात आपल्याकडे बसस्टँडच्या आसपास व्हिडिओ गेमची पार्लरं होती. कॅपकॉम या जपानी कंपनीचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' तिथे कुणी त्या नावाने ओळखत नसे. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्यामुळे तो सगळ्यांचा 'मुस्तफा'. लाथा, बुक्के, सुरे, बंदुका, सगळं त्यात होतं. तरी घरच्यांचा राग मारामारीवर कमी आणि 'तिथे कोणती पोरं बसतात' यावर जास्त असायचा. शिवाय खिशातली नाणी संपली की खेळ संपायचा.

अमेरिकेत १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारानंतर वाद पेटला, कारण हल्लेखोर दोघेही 'डूम' खेळत. मग प्रयोगांकडेही लक्ष गेलं. एका प्रकारच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना हिंसक खेळ खेळवून नंतर प्रतिस्पर्ध्याला ते किती मोठा, किती वेळ कर्कश आवाज ऐकवतात ते मोजत. आवाजाचं बटण दाबणं आणि खरोखर कुणाचं डोकं फोडणं एकच का, हा आक्षेप तेव्हापासून आजतागायत आहे. कॅलिफोर्नियाने अल्पवयीनांना हिंसक खेळ विकण्यावर आणलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केली. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा अभ्यास केला, आई-वडिलांनाही मुलांच्या वागण्याबद्दल विचारलं, पण हिंसक खेळ आणि आक्रमक वागणं यांचा संबंध आढळला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की ओरडणं-ढकलणं अशा आक्रमकपणाशी थोडा संबंध दिसतो, मात्र हिंसाचाराशी तो जोडायला पुरेसा पुरावा नाही. म्हणजे चिडचिड होते हे आईचं निरीक्षण अगदीच चूक नाही. पोरगा गुन्हेगार होईल, ही पुढची उडी मात्र पुराव्यात बसत नाही.

खान्देशात चित्र बदललं ते २०१६ नंतर, स्वस्त डेटामुळे. २०१८ मध्ये पबजी मोबाईलवर आला. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसवर गेला की दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पंख्याखाली चार पोरं, चार मोबाईल आणि 'भो, मागे बघ, मागे!' शेजारच्या गुजरातेत, राजकोटला, मार्च २०१९ मध्ये पोलिसांनी खेळावर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. पाठोपाठ लॉकडाऊन आला आणि ज्या मोबाईलवर खेळू नको म्हणायचं, तोच शाळेसाठी हातात द्यावा लागला.

२ सप्टेंबर २०२० ला केंद्राने पबजी बंद केला, तोही हिंसेसाठी नव्हे. कारण दिलं होतं देशाची सुरक्षा आणि वापरणाऱ्यांची माहिती. वर्षभरात तो 'बीजीएमआय' या नव्या नावाने परतला. या वेळी रक्त हिरवं करता येत होतं आणि अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनाची जी व्याख्या आहे, तिच्यात ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान होऊनही न थांबणं हे आहे. खेळात गोळ्या चालतात की पत्ते पिसले जातात, हे त्यात विचारलेलंच नाही.